रंगीत पेन्सिली एकजीव होत नाहीत? वांगं रंगवताना या चुका टाळा

माझ्या चित्रकलेच्या वर्गात रंगीत पेन्सिलींची सुरुवात मी वांग्यापासून करते. काळपट जांभळं, तुकतुकीत, एका कडेला खिडकीचा उजेड झेलणारं वांगं. रंग मोजकेच लागतात, पण ब्लेंडिंगमधली, म्हणजे रंग एकजीव करण्यातली, जवळजवळ प्रत्येक चूक त्यावर लख्ख दिसते.

पहिली तक्रार ठरलेली असते: "मॅडम, मधले पांढरे ठिपके जातच नाहीत." मग पेन्सिल आणखी दाबली जाते. इथेच चित्र बिघडतं. कागद वरून सपाट दिसला तरी त्याला दाणा असतो, म्हणजे बारीक उंचवटे आणि खळगे. बोथट टोक उंचवट्यांवरूनच सरकतं आणि खळगे कोरे राहतात. जोर लावला की उंचवटे चेपतात, त्यांवर मेणाचा चकचकीत लेप बसतो आणि पुढचा रंग धरायला जागा उरत नाही. ठिपके मात्र तिथेच असतात.

रंग मिसळतात ते या दाण्यांत, एकावर एक बसलेल्या पातळ थरांतून. रंगीत पेन्सिलीचा रंग बराचसा पारदर्शक असतो, त्यामुळे खालचा थर वरच्यातून डोकावतो. म्हणून पेन्सिल टोकापासून लांब, सैल धरा. तिच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब पुरे. टोक सुईसारखं ठेवा आणि बारीक गोलाकार फिरवत जा. एका थराने काहीच झालं नाही असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत धीर धरा. माझ्या वांग्याला सात-आठ थर सहज लागतात, आणि शार्पनर सतत हाताशी असतो.

थरांचा क्रमही महत्त्वाचा. बहुतेक जण सरळ जांभळी पेन्सिल उचलतात आणि सावलीसाठी काळी. काळ्याने सावली मरते, वांग्याला भोक पडल्यासारखं दिसतं. मी आधी सगळीकडे फिकट गुलाबी फिरवते, फक्त उजेडाची जागा सोडून. त्यावर जांभळा. मग सावलीच्या बाजूला गडद निळा, त्यावर गडद तपकिरी, आणि पुन्हा जांभळा. निळा आणि तपकिरी एकमेकांवर आले की जवळजवळ काळा रंग तयार होतो, पण त्यात जीव असतो. खरी काळी पेन्सिल लागलीच तर शेवटी, देठाच्या टोपीखालच्या फटीपुरती. वांगं लाकडी टेबलावर असेल तर खालच्या कडेला टेबलाचा तांबूसपणा परावर्तित होतो. ती बारीक कड सांभाळली की वांग्याला गोलाई येते.

उजेडाची जागा कोरी ठेवा, असं मी पुन्हा पुन्हा सांगते. पांढरी पेन्सिल गडद जांभळ्याला झाकत नाही, नुसती दुधाळ करते. जागा चुकून रंगलीच तर खोडरबर घासू नका, रंग पसरतो. मऊ मळता येणारा खोडरबर दाबून उचला. आणखी एक युक्ती उपयोगी पडते: पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा हलक्या हाताने ठेवायचा, हव्या त्या आकारावर बॉलपेनने रेघ ओढायची आणि पट्टी सावकाश उचलायची. रेघेखालचा रंग पट्टीला चिकटून येतो. आधी टाकाऊ कागदावर करून बघा, कारण जास्त चिकट पट्टी कागदाची सालही काढते.

आता घोटण्याबद्दल, म्हणजे बर्निशिंगबद्दल. सगळे थर झाल्यावर फिकट रंगाने किंवा रंगहीन ब्लेंडर पेन्सिलीने जोरात घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात, तो हा प्रकार. ब्लेंडर पेन्सिलीत रंगद्रव्य नसतं, नुसतं मेणासारखं बांधणीचं द्रव्य असतं. तंत्र उत्तम आहे, पण ते शेवटचं पाऊल आहे. दुसऱ्याच थरानंतर घोटलं तर पुढची पेन्सिल मेणकापडावर लिहिल्यासारखी घसरते. असं झालं असेल तर मळता येणाऱ्या खोडरबराने थोडं मेण उचला, किंवा वर काम करता येईल असा फिक्सेटिव्ह स्प्रे (रंग कागदावर पक्का बसवणारा फवारा) पातळ मारून वाळू द्या. कागद थोडाफार पुन्हा रंग धरू लागतो. आणि वांगं पांढऱ्याने घोटू नका, फिक्कट पडतं. उजेडालगत फिकट जांभळा वापरा आणि गडद भागात रंगहीन ब्लेंडर.

टर्पेंटाइन किंवा बिनवासाच्या मिनरल स्पिरिटने रंग विरघळवण्याची हौस अनेकांना असते. मेण विरघळतं, रंग खळग्यांत उतरतो आणि ठिपके खरंच जातात. पण दोन पातळ थरांवर ब्रश फिरवला तर विरघळायला काही नसतंच, उलट डाग उठतात. चार-पाच थर झाल्यावरच हे करा. ब्रश बुडवून टिश्यूवर टिपा, तो ओलसर हवा, ठिबकणारा नको. फिकटाकडून गडदाकडे जा. ओल्या कागदावर पेन्सिल चालवली तर कागद फाटतो, म्हणून पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा थर. खिडकी उघडी ठेवा. गॅसजवळ किंवा लहान मुलांजवळ हे काम मुळीच करू नका. घरात आहे म्हणून खोबरेल तेल किंवा बेबी ऑइलही वापरलं जातं, पण ते कागदात मुरतं आणि मागे तेलकट डाग उमटतो. पातळ कागदावर तर नकोच.

पाण्याने रंग पसरत नाही अशी तक्रार असेल तर डब्यावरचं नाव वाचा. जलरंग पेन्सिली वेगळ्या, साध्या रंगीत पेन्सिली वेगळ्या. साध्या पेन्सिली पाण्यात विरघळत नाहीत.

बोटाने घासू नका, त्वचेचं तेल लागतं. कागदी स्टंप (घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी) शिसपेन्सिलीसाठी छान, रंगीत पेन्सिलीवर नुसता कोरडा फारसं काम करत नाही. बाह्यरेषा शिसपेन्सिलीने गडद काढली असेल तर रंगवण्याआधीच ती फिकी करा, मेणाखाली अडकलेलं शिसं नंतर खोडता येत नाही.

कागद आणि पेन्सिली यांच्या मर्यादाही ओळखा. साध्या ड्रॉइंगबुकचा पातळ कागद तीन-चार थरांत दमतो. वांग्यासारख्या तुकतुकीत विषयाला 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), बारीक दाण्याचा, गुळगुळीत हॉट प्रेस कागद सोयीचा. पावसाळ्यात आमच्या कोकणातल्या हवेत तो ओल धरतो आणि मऊ पडून धागे सोडतो, म्हणून मी कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बंद ठेवते. शाळेच्या स्वस्त डब्यांत रंगद्रव्य कमी असतं, त्या पेन्सिलींकडून गडद जांभळ्याची अपेक्षा ठेवणं हा मुलांवर अन्याय आहे. प्रिझमाकलर प्रीमिअर मेणाच्या, मऊ, भराभर थर देणाऱ्या. फेबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमॉस तेलाच्या, जरा कडक, टोक टिकवणाऱ्या. दोन्ही एका चित्रात खुशाल वापरा.

आणि चित्र पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी वांग्यावर पांढुरकी झाक आली तर घाबरू नका. पावसाळ्यात ती बुरशीच वाटते. मऊ सुती कापडाने हळूच पुसा. खालचा रंग तसाच ताजा निघाला तर ते वर आलेलं मेण आहे. मेणाच्या पेन्सिलींचे जाड थर आणि गडद रंग असले की हे हटकून दिसतं. पुसून झाल्यावर फिक्सेटिव्हचे दोन-तीन पातळ फवारे मारा, दोन फवाऱ्यांच्या मध्ये वाळू देत. फ्रेम करताना काच चित्राला टेकणार नाही इतक्या जाडीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा.