डोक्यावरून सुखोई गेलं. किती खालून गेलं ते कसं काढावं

खिडक्यांच्या काचा थरथरतात, टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही, आणि गच्चीत पोहोचेपर्यंत हवाई दलाचं ते लढाऊ विमान गायब झालेलं असतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘पाण्याच्या टाकीला घासून गेलं’ म्हणतं, कुणी शंभर फूट, कुणी पन्नास. पुण्यात लोहगावच्या हवाई दल तळाजवळच्या धानोरी, टिंगरेनगर, वाघोलीकडच्या लोकांना हे रोजचंच आहे. कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याला मात्र ते क्वचित घडतं, त्यामुळे धसकाही तिकडेच जास्त.

आवाजावरून उंची कळत नाही, आकारावरून कळते. त्यासाठी स्वतःचा अंगठा पुरतो.

आधी अंगठा मोजून ठेवा

हे काम एकदाच, घरी बसून करायचं. हात सरळ लांब करा आणि अंगठा उभा धरा. डोळ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला टेपने मोजायला सांगा, मग अंगठ्याची रुंदी पट्टीने मोजा. बहुतेक मोठ्या माणसांचं अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी २ सेंटिमीटर भरते. अंतर भागिले रुंदी, म्हणजे तुमचा गुणक ३०. तुमचा २८ किंवा ३२ आला तर तोच वापरा. हाताची लांबी आणि अंगठ्याची रुंदी साधारण एकाच प्रमाणात बदलते, त्यामुळे मुलांचा गुणकही फार वेगळा येत नाही.

विमान दिसतंय तेवढ्या वेळात

लढाऊ विमान तुमच्या टप्प्यात पाच ते दहा सेकंद असतं. त्यात मोबाइल काढायला गेलात तर हाती धूसर ठिपका येतो आणि डोळ्यांनी पाहायचं राहून जातं. म्हणून आधी डोळे, मग अंगठा, शेवटी मोबाइल.

जागा सोडू नका. विमान कोणत्या इमारतीच्या कडेवरून आलं आणि कुठे दिसेनासं झालं, त्या दोन खुणा लक्षात ठेवा. दिशा नंतर नकाशावर काढता येते. चाकं बाहेर होती की आत, हे नक्की बघा. ही एक गोष्ट अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देते. चाकं खाली असतील तर विमान उतरतंय किंवा नुकतंच उठलंय, आणि अशा वेळी ते खाली असणारच.

आता विमानावर अंगठा धरा. नाकापासून शेपटीपर्यंत किती अंगठे बसले? अर्धा, एक, दोन? तेवढा आकडा लक्षात ठेवा आणि घड्याळ बघा.

विमान कोणतं ते ठरवा

लांबी माहीत असल्याशिवाय हिशेब होत नाही. लोहगावच्या तळावर सुखोई-३० एमकेआय आहे, म्हणून पुण्यावरचं लढाऊ विमान बहुतेक वेळा तेच असतं. दोन उभ्या शेपट्या, शेजारी शेजारी दोन इंजिनं आणि मुख्य पंखांच्या पुढे दोन छोटे पंख. लांबी सुमारे २२ मीटर, पंखांचा पल्ला (टोकापासून टोकापर्यंत) सुमारे १५ मीटर.

पंख्याची दोन इंजिनं पंखाच्या वर चढवल्यासारखी दिसली तर ते एएन-३२, लांबी साधारण २४ मीटर. चार पंखे म्हणजे सी-१३०जे, लांबी सुमारे ३४ मीटर. चार जेट इंजिनं, जाडजूड पोट आणि टीच्या आकाराची शेपटी असेल तर सी-१७ किंवा आयएल-७६. सी-१७ तब्बल ५३ मीटर लांब आहे. ते उतरताना आभाळात टांगल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या आकारामुळे वेग जाणवत नाही. त्याच्या उंचीचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो.

हिशेब

विमानाची लांबी गुणिले ३०, भागिले अंगठ्यांची संख्या.

सुखोई एका अंगठ्याएवढं दिसलं तर ते ६६० मीटरवर होतं, दोन अंगठ्यांएवढं दिसलं तर ३३० मीटरवर. चार अंगठे म्हणजे १६५ मीटर, आणि हे खरोखर खाली आहे: एका मजल्याला ३ मीटर धरले तर ५५ मजले. ‘टाकीला घासून’ जायचं तर बारा मजली इमारतीच्या गच्चीवर उभ्या माणसाला सुखोई दोन्ही हातांत मावणार नाही एवढं दिसायला हवं.

हे अंतर तुमच्यापासूनचं आहे. विमान थेट डोक्यावर होतं तरच त्याला उंची म्हणता येईल. बाजूने गेलं असेल तर हात लांब करून मुठी रचत जा. क्षितिजापासून डोक्यापर्यंत साधारण नऊ मुठी बसतात. विमान तीन मुठींवर होतं तर अंतराच्या निम्मी उंची धरा, साडेचारवर होतं तर अंतराला ०.७ ने गुणा. गच्चीवरून मोजलं असेल तर इमारतीची उंची मिळवायला विसरू नका.

चूक होते ती इथे: विमान सरळ तुमच्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर त्याची लांबी आखडलेली दिसते. मग उत्तर भलतंच मोठं येतं. अशा वेळी लांबी सोडा आणि पंखांचा पल्ला घ्या. सुखोईसाठी १५ गुणिले ३०, म्हणजे एका अंगठ्याला ४५० मीटर. इतकं करूनही उत्तरात वीस-पंचवीस टक्के फरक राहतो. ‘१६५ की २००’ असा वाद घालण्यात अर्थ नाही, पण १६५ की ६०० हे अंगठा चोख सांगतो.

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत सेकंद मोजतात, ती पद्धत इथे वापरू नका. जेटचा आवाज मागच्या बाजूला जास्त फेकला जातो, त्यामुळे कल्लोळ उशिरा पोहोचतो आणि उंची फुगते. विमान ६०० मीटरवर असेल तर आवाज खाली यायला पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला १५० मीटर वेगाने जाणारं विमान अडीचशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो तिकडे न बघता त्याच्या पुढे बघा.

आवाज फसवतो कसा

सुखोईच्या प्रत्येक इंजिनाचा आफ्टरबर्नरसह जोर सुमारे साडेबारा टन. आफ्टरबर्नर लावून इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळलं की आवाज एकदम फाटल्यासारखा होतो. तेच विमान, तीच उंची, पण आफ्टरबर्नर लागला की लोकांना ते निम्म्या उंचीवर वाटतं. त्यात पुण्याच्या थंडीतल्या सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज परत खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. टेकड्यांवरून येणारा प्रतिध्वनी वेगळाच.

मग इतकं खाली का?

लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि तीच प्रवासी विमानतळालाही चालते. विमानं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उतरणारी विमानं वाघोलीच्या बाजूने येतात आणि उडणारी विश्रांतवाडी-धानोरीच्या अंगाने निघतात. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारात प्रत्येक किलोमीटरला ५२ मीटर उंची धरा. धावपट्टीवर चाकं टेकतात तिथपासून तुमचं घर २ किलोमीटरवर आणि त्याच रेषेत असेल तर विमान १०५ मीटरवर असणं ठरलेलंच आहे. ५ किलोमीटरवर २६० मीटर. घराचं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून हा आकडा काढून ठेवला की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

लढाऊ विमानं मात्र अनेकदा अशी सरळ उतरत नाहीत. ती काही शे मीटर उंचीवरून धावपट्टीच्या डोक्यावर वेगात येतात, एकदम आडवी होतात आणि वळसा घेऊन उतरतात. वेग घटवण्याची आणि एकामागून एक विमानं सुटी करून उतरवण्याची ती नेहमीची रीत आहे, वैमानिकाची मस्ती नव्हे.

मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन होतं. त्यावरून सुखोई आणि हेलिकॉप्टरं सलामी देत जातात, आणि आधीच्या काही दिवसांत सराव असतो. वारजे-सिंहगड रस्त्याकडचे फोन बहुधा तेव्हाच खणखणतात.

मोबाइलच्या अ‍ॅपवर किती भरवसा?

लष्करी विमानं बऱ्याचदा विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर दिसतच नाहीत. ‘अ‍ॅपवर नव्हतं, म्हणजे काहीतरी गडबड’ असा अर्थ काढू नका. जी दिसतात त्यांची उंची समुद्रसपाटीपासूनची असते, तीही हवेच्या दाबावरून काढलेली. पुण्याची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, म्हणजे १,८०० फुटांहून थोडी वर. अ‍ॅपवर ४,००० फूट दिसलं तर विमान तुमच्या डोक्यावर जेमतेम २,२०० फूट होतं. पावसाळ्यात हवेचा दाब कमी असतो, तेव्हा त्यातूनही दोन-अडीचशे फूट वजा करा.

व्हिडिओ

नुसत्या आभाळातल्या विमानाचा व्हिडिओ उंची काढायला निरुपयोगी. झूम न करता, चौकटीत इमारतीची कड किंवा खांब घेऊन काढा. तळाच्या भिंतीकडे, गेटकडे किंवा उभ्या विमानांकडे कॅमेरा वळवू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लष्करी जागांना लागू आहे. तळाजवळ ड्रोन उडवणं किंवा विमानावर लेझर मारणं हा तर गुन्हा आहे.

काही पडलं तर

१४ ऑक्टोबर २०१४ ला थेऊरजवळ सुखोई कोसळलं, तेव्हा दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. त्या आसनात स्फोटक भार आणि रॉकेट असतात, ते सगळे उडालेच असतील याची खात्री नसते. म्हणून शेतात आसन, टाकी किंवा पत्रा सापडला तर हात लावू नका, आठवण म्हणून घरीही नेऊ नका. धुराच्या उलट, वारा येतो त्या बाजूला थांबा. जळणाऱ्या संमिश्र पदार्थांचे आणि तंतूंचे कण फुप्फुसात जातात. ११२ ला फोन करा. वैमानिक सापडला तर हेल्मेट काढू नका, उठवून बसवू नका.

तक्रार

नागरी विमानांना दाट वस्तीवर, उतरणं-उडणं सोडून, आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या ३०० मीटर वर राहावं लागतं. हवाई दल स्वतःच्या आदेशांनुसार उडतं. एअरसेवा हे तक्रारींचं सरकारी पोर्टल नागरी प्रवाशांसाठी आहे, तिथे सुखोईबद्दल लिहून काही होत नाही. लोहगावच्या हवाई दल तळाला लेखी पत्र द्या, तातडीचं असेल तर पोलिसांना कळवा. ‘फार खालून गेलं’ एवढंच लिहिलंत तर त्यावर कुणी काही करू शकत नाही. मजकूर असा हवा:

‘सकाळी १०.४२. एक सुखोई, चाकं आत. धानोरीतल्या आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून पाहिलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे, थेट डोक्यावरून. लांबी चार अंगठे, गच्चीपासून अंदाजे १६५ मीटर. दहा मिनिटांत तीनदा.’