मानवी हक्क दिनाची बैठक गावात कशी घ्यावी: सरव्यापासून सुरुवात करा

१० डिसेंबरचा मानवी हक्क दिन मी गावात दोनदा केला आणि दोनदा फसलो. माईक सांगितला, हार आणले, पाहुणे बोलावले आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याची तीसच्या तीस कलमं वाचली. अकराव्या कलमाला बाया उठून गेल्या. दिवसभर कापूस वेचून आलेलं माणूस आणखी काय करणार? शाळेत पस्तीस वर्षं शिकवूनही मला एवढं कळलं नव्हतं. आता वेगळ्या पद्धतीनं करतो, ती सांगतो.

बैठक संध्याकाळी साडेसातला ठेवा, चुली उरकल्यावर. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाका. खुर्ची एकही नको. खुर्च्या मांडल्या की मालक वर बसतात, मजूर खाली, आणि मग मजूर तोंड उघडत नाही. ओलिताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, त्या रात्री असेल तर तारीख एक दिवस सरकवा. हरभऱ्याचं पाणी कोणी सोडत नाही.

हक्क हा शब्द पहिला अर्धा तास काढूच नका. विचारा, "सरवा कोणाचा?" तूर सोंगून नेली की शेतात शेंगा राहतात, ज्वारीची कणसं राहतात, ती वेचायला गरीब बाया येतात. मालक म्हणतील, आम्ही कुठं नाही म्हणतो, नेतातच की. इथं त्यांना ज्यू लोकांचा जुना कायदा सांगा. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातल्या लेवीय भागाच्या १९व्या अध्यायात आहे: कापणी करताना शेताचा कोपरा कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. पुढं इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना नावाचा कायदेसंग्रह झाला, त्यात कोपऱ्याचं मापही आहे: साठावा हिस्सा, त्याहून कमी नको. हा हिशेब फळ्यावर करा. पाच एकर म्हणजे २०० गुंठे, त्याचा साठावा हिस्सा सव्वातीन गुंठ्यांच्या थोडा वर. सगळे आपापलं शेत मोजायला लागतात, तेव्हा समजा बैठक लागली.

एक खुबी सांगायला विसरू नका. हा नियम खायच्या, राखणीतल्या, एकाच वेळी काढून साठवायच्या पिकाला आहे. म्हणजे कापूस सुटतो आणि तूर सापडते. आमच्याकडं यावर पंधरा मिनिटं हशा चालला.

हसून झालं की मुद्द्यावर या. मालकानं एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला हाकललं, तर मिश्ना म्हणते, त्यानं गरिबाला लुटलं. तो कोपरा मालकानं वाटायचाच नाही, गरिबानं येऊन घ्यायचा. त्यांच्या भाषेत दानाला 'त्सेदाका' म्हणतात आणि तो शब्द न्यायाच्या धातूतून आला आहे. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक एवढ्यात समजतो.

मग मजुरी. रोजदाराची मजुरी रात्रभर तुझ्याकडं राहू नये, हे त्याच अध्यायात. मी स्वतः कित्येक वर्षं वेचणीचे पैसे बाजाराच्या दिवशी द्यायचो, रोजच्या बोलीवर बोलावून. बैठकीत हे आधी मी कबूल केलं, मग बाकीचे बोलले. पण सावध राहा: मिश्नात पळवाटही आहे. मजुरानं मागितली नसेल तर मालकाला दोष नाही. हे ऐकताच एक जण म्हणाला, "पाहा गुरुजी, मांगतलीच नाही तं द्याव कायले?" मी उत्तर देणार तेवढ्यात मागून एक मावशी बोलल्या, "मांगतलं का उद्या कामाले सांगत नाही जी, मंग कसं मांगाव?" अशा वेळी तुम्ही गप्प बसा. मी बसलो, आणि त्या मालकाला स्वतःच बोलावं लागलं.

'ज्यू म्हणजे कोण' हे कोणी विचारलंच तर कोकणातले बेने इस्राएल सांगा. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. त्या शनिवारच्या सुट्टीत गडी येतो आणि बैलही येतो. आपल्या बैलाला पोळा वर्षातून एकदा, त्यांचा दर आठवड्याला.

जाहीरनामा आता काढा. १० डिसेंबर १९४८, पॅरिस. ४८ देश बाजूनं, विरोधात कोणी नाही, आठ तटस्थ. मसुद्याला आकार देणाऱ्यांत रने कासँ हे फ्रेंच ज्यू कायदेपंडित होते. त्यांचे कितीतरी नातलग नाझींनी मारले होते, तरी जाहीरनामा 'आंतरराष्ट्रीय' नको, 'वैश्विक' हवा, असा त्यांचा आग्रह: देशांचा नको, माणसांचा हवा. पण तो तोरामधून उतरवला असं ठोकून देऊ नका. चीनचे, लेबनॉनचे, किती जणांचे हात त्याला लागले. भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी पहिल्या कलमातल्या पुरुषवाचक शब्दाच्या जागी 'सर्व माणसं' घालून घेतलं. बायांना हे नाव आवडतं.

गाझाचा प्रश्न येईलच, टाळू नका. मी मिश्नातलं ते वाक्य सांगतो: एक जीव वाचवला त्यानं जग वाचवलं. काही प्रतींत 'इस्राएलातला एक जीव' आहे, जुन्या हस्तलिखितांत नुसतं 'एक जीव'. कुठली प्रत धरायची, यावर ज्यूंमध्येच भांडण आहे. इस्रायलमध्ये रब्बींची एक मानवी हक्क संघटना १९८८पासून आहे, तिचे लोक पॅलेस्टिनी शेतकऱ्यांसोबत ऑलिव्हच्या तोडणीला जातात. शेतकरी हे लगेच समजतात.

शेवटी भाषण नको, एक ठराव पुरे. आमचा होता: तुरीच्या सोंगणीची मजुरी धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, बाया निघायच्या आधी. पहिल्याच दिवशी तो अडला चिल्लरीवर. मालकाच्या खिशात पाचशेच्या नोटा आणि समोर अकरा बाया. तेव्हा ठराव करणार असाल तर पन्नास-शंभरच्या नोटांची गड्डी आदल्या दिवशीच आणून ठेवा.