पडद्यावरचा गोळीबार कसा पारखावा

चित्रपटातील किंवा मालिकेतील गोळीबार खरा वाटतो की खोटा, हे ठरवताना बहुतेक प्रेक्षक बंदुकीचे मॉडेल ओळखण्यात अडकतात. अमुक साली अमुक पिस्तूल निघालेच नव्हते, अशी चूक सापडली की समाधान वाटते. पण दृश्याचा खरेखोटेपणा तेथे क्वचितच ठरतो. तो ठरतो आवाजात, काडतुसांच्या हिशेबात आणि गोळी लागलेल्या माणसाचे पुढे काय होते यात. म्हणून एकच दृश्य निवडून ते तीनदा पाहावे आणि प्रत्येक वेळी यांपैकी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे.

पहिल्यांदा डोळे मिटून नुसते ऐकावे. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. बंद खोलीत दहा-बारा फैरी झाडल्यानंतर दोन पात्रे एकमेकांशी कुजबुजू लागली, तर दिग्दर्शकाने कानांचा विचार केलेला नाही असे खुशाल समजावे. प्रत्यक्षात त्यांना बराच वेळ कानात घुमणाऱ्या शिट्टीखेरीज फारसे काही ऐकू येणार नाही. सायलेन्सरची गंमत याहून मोठी आहे. तो आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलनी कमी करतो, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला जाग न आणणारा ‘फुस्’ असा आवाज हा निव्वळ ध्वनिसंयोजकाचा शोध आहे. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर तिचा हवेत उमटणारा कडाका नळीच्या टोकाला बसवलेले कोणतेही यंत्र थांबवू शकत नाही.

लांबून मारलेल्या गोळीचे दृश्य असेल, तर क्रम तपासावा. रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते आणि आवाज ३४० मीटर वेगाने येतो, त्यामुळे ६०० मीटरवरून नेम धरलेला असेल तर माणूस आधी कोसळतो आणि बंदुकीचा बार जवळजवळ पाऊण सेकंदाने ऐकू येतो. हा क्रम पाळणारे दिग्दर्शक थोडे आहेत. आवाज नीट ऐकायचा असेल, तर १९९५ सालच्या ‘हीट’ या चित्रपटातील लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचा गोळीबार ऐकावा. नंतर स्टुडिओत आवाज भरण्याऐवजी चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रित झालेले बार तेथे ठेवले गेले, आणि त्यामुळे उंच इमारतींवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी जसाच्या तसा कानावर पडतो.

दुसऱ्यांदा पाहताना मोजावे. ग्लॉक १७ या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात, साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा सहा, तर एके-४७च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३०. मिनिटाला ६०० गोळ्या या वेगाने एके-४७चा चाप दाबून धरला, तर ते मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे होते. पडद्यावरचा नायक मात्र अर्धा मिनिट सलग फैरी झाडतो आणि मॅगझिन बदलताना कधी दिसत नाही. गोळ्या संपल्यावर वारंवार चाप ओढून ‘खट् खट्’ करणेही रिव्हॉल्व्हरला शोभते. आधुनिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, शेवटच्या गोळीनंतर मागेच अडकून राहते आणि हातातले शस्त्र रिकामे झाल्याचे लांबूनही दिसते.

धमकी देताना स्लाइड मागे ओढण्याची सवय तर जवळजवळ प्रत्येक खलनायकाला असते. नळीत काडतूस आधीच असेल, तर ते न उडालेले काडतूस त्या वेळी बाहेर उडून जमिनीवर पडायला हवे. आणि ते नसेल, तर हे महाशय इतका वेळ रिकामे पिस्तूल रोखून उभे होते असा अर्थ होतो.

बोल्ट, म्हणजे हाताने मागेपुढे करायचा खटका, असलेल्या रायफलीची लय याहून निराळी असते, आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याचे चित्रण पाहताना ती आवर्जून तपासावी. त्या रात्री अनेक शिपायांच्या हाती जुनी थ्री-नॉट-थ्री होती आणि काहींकडे नुसती लाठी. थ्री-नॉट-थ्रीमध्ये प्रत्येक बारानंतर बोल्ट उचलून मागे ओढावा लागतो, पुंगळी बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलून बसवावा लागतो आणि मगच पुढचा नेम धरता येतो. समोर एके-४७ असताना हे किती विषम होते, ते दाखवायला संवादाची गरज पडत नाही.

तिसऱ्यांदा फक्त गोळी लागलेल्या माणसाकडे पाहावे. पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने येऊन ७० किलोच्या माणसाच्या शरीरात रुतली, तरी तिच्यामुळे त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटीमीटर असतो. माणूस काच फोडून मागे उडतो तो कमरेला बांधलेल्या तारेमुळे. गोळीत तेवढे बळ असते, तर चाप ओढणाराही उलट दिशेला उडाला असता.

याच्या उलट खोटेपणा म्हणजे एका गोळीत गतप्राण होणारे शत्रू. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात पाच मिनिटांपेक्षाही कमी वेळ चकमक झाली. त्यातील एका दरोडेखोराला सुरुवातीलाच प्राणघातक गोळी लागली होती, पण ती हृदयाच्या सुमारे एक इंच अलीकडे थांबली आणि त्यानंतरही तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले, आणि एफबीआयला आपल्या पिस्तुलांचा व काडतुसांचा नव्याने विचार करावा लागला. नेमाचीही तीच कथा आहे: न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील, समोरूनही गोळ्या येत होत्या अशा चकमकींचा हिशेब केला, तेव्हा नेम लागण्याचे सरासरी प्रमाण १८ टक्के निघाले. मोटारीच्या दारामागे लपून बचावणाऱ्या पात्रांविषयी इतकेच सांगता येईल की रायफलची गोळी ते पत्र्याचे दार सहज भेदते. आडोसा मिळतो तो इंजिनाच्या मागे.

आता कोणत्या चुका माफ कराव्यात, हेही ठरवावे लागते. बंदुकीच्या तोंडाशी उमटणारा जाळ सेकंदाच्या काही हजारांश भागात विझतो आणि सेकंदाला २४ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे शटर साधारण निम्मा वेळ बंदच असते, त्यामुळे खरा जाळ पुष्कळदा टिपलाच जात नाही. तो मोठा दिसावा म्हणून ब्लँक काडतुसात जादा दारू भरतात किंवा नंतर संगणकावर जाळ रंगवतात. ब्लँकमध्ये गोळीच नसल्याने धक्काही क्षीण असतो. नटाला तो अभिनयाने दाखवावा लागतो. स्वयंचलित शस्त्र ब्लँकवर चालावे म्हणून त्याची नळी आतून अरुंद करतात, आणि कॅमेरा अगदी समोर आला की ते बारीक भोक कधी कधी दिसूनही जाते.

या तडजोडींमागे जिवाचा प्रश्न आहे. १९९३ साली चित्रीकरण चालू असताना नट ब्रँडन ली याचा मृत्यू झाला, तो नळीत आधीपासून अडकून राहिलेले गोळीचे टोक ब्लँकच्या दाबाने बाहेर फेकले गेल्यामुळे. २०२१ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत चित्रपटाच्या सेटवर छायालेखिका हॅलिना हचिन्स यांना प्राणघातक लागली ती तर खरीच गोळी होती. म्हणून धक्का आणि जाळ यांच्या बाबतीत गुण देताना हात सैल ठेवावा. मॅगझिन बदलणे, बोल्ट ओढणे किंवा बारानंतर बहिरेपणा दाखवणे यांसाठी मात्र ना दारू लागते ना जोखीम, तेव्हा तेथे गुण कापायला हरकत नाही.