ताप आला की लगेच व्हिटॅमिन डीची पुडी? थांबा, आधी हे वाचा

कोविडपासून व्हिटॅमिन डीची साठ हजार आययूची (आययू म्हणजे डोस मोजायचं एकक) पुडी घरोघरी पोचली आणि अजूनही कितीतरी लोकं ताप-खोकला झाला की ती दुधात टाकून घेतात. माझं सरळ म्हणणं आहे, डी चांगलंच आहे पण ते बरं असताना भरून ठेवायचं असतं, आजारात ओतायचं नसतं.

आधी ते आत जाऊन काय करतं ते बघा. उन्हातलं किंवा गोळीतलं डी लिव्हरमध्ये बदलतं, मग किडनीत त्याचं अ‍ॅक्टिव्ह रूप होतं, आणि किडनीच कशाला, आपल्या रोगप्रतिकारक पेशीसुद्धा ते जागेवरच बनवतात. हे रूप पेशीतल्या व्हीडीआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे डी पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी थेट डीएनएवर बसून शेकडो जीन्स कमी-जास्त करते. व्हायरस आला की टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन गॅमासारखी भडकवणारी रसायनं सोडतात, ते लागतंच, पण काम झाल्यावर ते थांबायलाही पाहिजे. २०२१ मध्ये 'नेचर इम्युनोलॉजी'त आलेल्या अभ्यासात दिसलं की डीमुळे ह्याच पेशी इंटरल्यूकिन-१० बनवायला लागतात आणि त्याने सूज शांत होते, तर गंभीर कोविड पेशंटच्या फुफ्फुसातल्या टी पेशी भडकवण्याकडेच झुकलेल्या होत्या.

मग पेशंटला भरपूर डी दिलं की झालं? नाही ना. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला अ‍ॅडमिट असलेल्या सुमारे २४० कोविड पेशंटवर ट्रायल झाली, निम्म्यांना एकदम २ लाख आययू दिलं, रक्तातली लेव्हल वाढली पण हॉस्पिटलमधले दिवस काही कमी झाले नाहीत.

म्हणून पहिलं काम, टेस्ट बरं असताना करा. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी नावाची टेस्ट असते. आजारात सूज असली की ही लेव्हल आपोआप खाली येते, त्यामुळे तापात काढलेला रिपोर्ट बघून घाबरून डोस चढवू नका.

मग रिपोर्टमधलं एकक बघा. नॅनोग्रॅममध्ये (ng/mL) असेल तर २० च्या खाली म्हणजे बहुतेक डॉक्टर कमतरता धरतात, आणि नॅनोमोलमध्ये (nmol/L) असेल तर आकड्याला २.५ ने भागा, नाहीतर ५० वाचून उगाच खूश व्हाल.

कमी निघालं तर डॉक्टर बहुतेक वेळा ६०,००० ची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतात. आठवड्याची पुडी रोज घेऊ नका, ही चूक खरंच होते! जेवणात तूप-तेल असेल तेव्हा घ्या, नीट शोषलं जातं. लेव्हल ठीक असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला ६०० आययू पुरतं, आणि डॉक्टरांना न विचारता रोज ४,००० च्या वर जायचं नाही. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मग सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, किडनीवर ताण. मुतखडा, टीबी, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) असेल किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर आधी विचाराच.

उन्हाचं म्हणाल तर सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं पण डी बनवणारे यूव्हीबी किरण त्यात फार कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असते तेव्हाचं ऊन हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ घ्या, कातडी लाल होईपर्यंत नाही, आणि खिडकीच्या काचेमागे बसून काही उपयोग नाही.

आणि आजार वाढलाच, धाप लागली, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर पुडी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू कमी करणारं औषध २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये सापडलं ते डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड होतं, आणि तेसुद्धा ऑक्सिजन लागत नसलेल्यांना फायद्याचं ठरलं नाही, त्यामुळे तेही घरी स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही.