मल्टीमीडियावर इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या मुलांसमोर स्क्रीन आली की सगळी पटापट क्लिक करायला लागतात, वर्गात उत्साह असतो आणि आपल्याला वाटतं चला, इंग्रजी येतंय. इथेच गडबड होते. बोट चालतंय म्हणजे भाषा चालतेय असं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजाने सुटणारे प्रश्न. स्क्रीनवर ‘शी ... टू स्कूल’, खाली दोनच पर्याय, ‘गो’ आणि ‘गोज’. मुलगा ‘गो’ ओढून नेतो, तो परत खाली येतो, मग ‘गोज’ नेतो, हिरवी टिक, टाळ्यांचा आवाज, पुढचा प्रश्न. सगळी उत्तरं बरोबर! आणि नंतर वहीत आईबद्दल चार वाक्यं लिहायला सांगा, ‘माय मदर गो’ असंच लिहून आणतो, कारण नियमाचा विचार करायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. म्हणून पर्याय काढून उत्तर टाइप करायला लावा, किंवा हेच उत्तर का ते शेजारच्याला सांगायला लावा. आणि अ‍ॅक्टिव्हिटी झाली की स्क्रीन बंद करून तोच नियम वापरून प्रत्येकाकडून दोन-तीन वाक्यं बोलून घ्याच, वेळ कमी असेल तर एक गेम कमी करा पण हे वगळू नका.

व्हिडिओ सलग चालवू नका. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, आधी आवाज बंद ठेवून काय चाललंय ते ओळखायला लावा, मग आवाजासकट दाखवा. एचफाइव्हपीमध्ये (असे संवादी धडे बनवायचं मोफत साधन) व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न टाकता येतो, तो वापरा. सबटायटल मराठीत ठेवलं तर मुलं तेच वाचत बसतात, इंग्रजी ऐकतच नाहीत, त्यामुळे इंग्रजीच ठेवा.

स्लाइडवर भरगच्च मजकूर, शेजारी हलतं चित्र आणि वर आपण तोच मजकूर वाचतोय, हेही नको. मल्टीमीडियातून माणूस कसा शिकतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि बोलणं एवढंच असेल तेव्हा विद्यार्थी सहसा जास्त शिकले, तेच शब्द स्क्रीनवर पुन्हा दिल्याने फायदा झाला नाही. पण परकी भाषा कानाला पटकन कळत नाही, म्हणून आपल्या मुलांसाठी मोजके अवघड शब्द दिसू द्यावेत असं मला वाटतं.

कहूत या ऑनलाइन क्विझच्या खेळामध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त पॉइंट मिळतात. मग हळू वाचणारी मुलं प्रश्न न वाचताच कुठेतरी दाबतात आणि नेमकी ज्यांना गरज आहे तीच मागे पडतात. वाचनाच्या प्रश्नांना वेळ वाढवा, नाहीतर ‘नो पॉइंट्स’ ठेवा.

आवाजाकडे तर कुणी बघतच नाही. घुमणाऱ्या खोलीत स्पीकर लावला की शेवटच्या बाकावर ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखंच ऐकू येतं. तास सुरू व्हायच्या आधी मागे जाऊन स्वतः ऐका. मुलांचं रेकॉर्डिंग होत नसेल तर आधी ब्राउझरमध्ये माइकची परवानगी दिलीय का बघा, आणि हेडफोन लावलेला असेल तर सेटिंगमध्ये माइक कोणता निवडलाय तेही बघा, बऱ्याचदा तो भलताच असतो.