जन्ममहिना आणि ईटिंग डिसऑर्डर: अशी बातमी वाचायची कशी?

"वसंतात जन्मलेल्यांना ॲनोरेक्सियाचा (वजन वाढायच्या भीतीने खाणं टाळण्याचा आजार, ईटिंग डिसऑर्डरचाच एक प्रकार) धोका जास्त" असं कुठे वाचलं की लगेच मुलीची जन्मतारीख आठवू नका, आधी बघा की अभ्यास कुठला आहे, कारण उत्तर गोलार्धातला वसंत म्हणजे दक्षिणेत शरद, नुसत्या महिन्याच्या नावाला काही अर्थ नाही. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ॲनोरेक्सियाच्या सुमारे १३०० पेशंट्सचा डेटा एकत्र केला तेव्हा मार्च ते जून जन्मलेले अपेक्षेपेक्षा थोडे जास्त निघाले, साधारण १५ टक्क्यांनी. आता हे १५ टक्के ऐकायला भारी वाटतं ना, पण समजा हजारात १० जणांना होत असेल तर ते साडेअकरा होईल, बस एवढंच.

कारण काय दिलंय तेही बघा. गरोदरपणात ऊन कमी मिळाल्याने व्हिटॅमिन डी कमी, किंवा हिवाळ्यातलं इन्फेक्शन, हे सगळे अजून अंदाजच आहेत. अनुवंशिकतेचा वाटा यापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे घरात कुणाला हा त्रास होता का हे आधी विचारा. आणि मुहूर्त बघून बाळाचं प्लॅनिंग करणं तर निव्वळ वेडेपणा!

लक्ष ठेवायचंच तर वागण्यावर ठेवा: ताटातलं अन्न नुसतं इकडेतिकडे सरकवणं, जेवण झालं की लगेच बाथरूम गाठणं, सारखं वजन करणं, पाळी बंद होणं. असं दिसलं तर वजनावरून टोमणे न मारता शांतपणे बोला आणि लवकर डॉक्टरांना दाखवा, चक्कर येत असेल किंवा खाणं पूर्ण बंद झालं असेल तर त्याच दिवशी.