रिमोट दुर्बिणीतून गुरूचे चंद्र: शाळेच्या तासात बसणारा प्रकल्प

रिमोट दुर्बिणीने, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या दुर्बिणीने, काढलेला पहिला फोटो पाहून वर्ग हरखतो. चौथ्या-पाचव्या फोटोपर्यंत मात्र उत्साह ओसरतो, कारण त्याहून सुंदर फोटो मोबाइलवर कधीही सापडतात. मुलं टिकून राहतात ती मोजमापामुळे. म्हणून दुर्बीण वापरण्याआधी प्रश्न ठरवावा. दहावीला केप्लरचे नियम आहेत, त्यामुळे नववी-दहावीसाठी गुरूच्या चार चंद्रांचा प्रश्न सगळ्यात सोयीचा: कोणता चंद्र किती दिवसांत फेरी मारतो आणि तो किती लांब आहे?

दुर्बीण कोणती घ्यायची? सुरुवातीला हार्वर्ड-स्मिथसोनियनची मायक्रोऑब्झर्व्हेटरी घ्यावी. या सहा इंची दुर्बिणी आहेत, वापर मोफत आहे आणि ब्राउझर पुरेसा आहे. लक्ष्य, एक्स्पोजर (कॅमेरा किती वेळ प्रकाश घेणार) आणि फिल्टर निवडून विनंती पाठवायची, म्हणजे फोटो ईमेलवर येतो. दुर्बीण आपल्या हाताने फिरत नाही, आणि फोटो नेमका किती वाजता काढायचा हेही आपण ठरवत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत नेटवर्क रडतखडत चालतं, तिथे हीच पद्धत सोयीची. दोन मिनिटं रेंज मिळाली तरी विनंती जाते. ईमेल शाळेचा द्यावा, मुलांचे वैयक्तिक पत्ते देऊ नयेत. उत्तर आलं नाही तर स्पॅम फोल्डर आधी बघावं.

प्रकल्प दुसऱ्या सत्रात ठेवा. जून ते सप्टेंबर नाशिकवर ढग असतात म्हणून परदेशी दुर्बीण कामी येईल, असं वाटतं. पण या दुर्बिणी अमेरिकेत ॲरिझोनात आहेत आणि तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी ढग दाटतात. शिवाय गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि रात्रभर दिसतो तो फेब्रुवारी २०२७ आणि मार्च २०२८ मध्ये. त्याच्या आधीचे दोन महिने उत्तम. याच काळात मुलांनी गंगापूर धरण किंवा अंजनेरीच्या बाजूला, शहराच्या उजेडापासून लांब, १०×५० च्या द्विनेत्रीतून गुरू स्वतः पाहावा. चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. आपण मोजतोय ते हेच, हे मुलांना पटायला हवं.

पहिलं काम प्रमाण ठरवण्याचं. कृत्तिकेचा एक फोटो मागवा. त्यातले अल्सायोनी आणि ॲटलस हे दोन तारे १३९० आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर आहेत. फोटोत त्यांच्यामधले पिक्सेल मोजा आणि १३९० ला त्या आकड्याने भागा. समजा २७८ पिक्सेल आले, तर एक पिक्सेल म्हणजे ५ आर्कसेकंद. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. पुढचे सगळे फोटो त्याच कॅमेऱ्याचे आणि त्याच झूमचे हवेत, नाहीतर प्रमाण बदलतं.

मग गुरू. चंद्र गुरूपेक्षा सुमारे हजारपट फिके आहेत. चंद्र दिसतील इतकं एक्स्पोजर दिलं की गुरू पांढराफेक फुगतो, आणि तो फुगू द्यावा. आपल्याला फक्त त्याचा मध्य हवा आहे. पट्टे दिसावेत म्हणून एक्स्पोजर कमी केलं तर चंद्र हरवतात, आणि नवख्या गटांचा प्रकल्प इथेच अडतो. अंतर मोजायला ब्राउझरमध्ये चालणारं जेएस९-४एल हे फोटो मोजायचं साधन घ्या. लॅबचे संगणक जुने असतील तर पेंटमध्ये कर्सरचे निर्देशांक वाचूनही जमतं. चंद्र गुरूच्या पूर्वेला असेल तर अधिक, पश्चिमेला असेल तर उणे चिन्ह. फोटो उलटा आहे का, हे आधी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ वेळेचा होतो. फोटोच्या मूळ फिट्स फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या नोंदींत) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आणि ॲरिझोना सात तास मागे. नाशिकला मंगळवारी सकाळी दहा वाजतात तेव्हा ॲरिझोनात सोमवारची रात्र असते, साडेनऊची. एका गटाने इथली तारीख लिहिली आणि दुसऱ्याने तिथली, की आलेखातला बिंदू अख्ख्या दिवसाने सरकतो. तक्त्यात फक्त यूटीसी लिहायची, असा नियम करा.

कोणता ठिपका कोणता चंद्र, हे स्टेलॅरियममध्ये तीच वेळ टाकून ओळखा. तीनच ठिपके दिसले तर चौथा गुरूच्या पुढे, मागे, सावलीत किंवा झगमगाटात आहे. तो रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका.

चौघांपैकी सगळ्यात लांबच्या कॅलिस्टोपासून सुरुवात करा. तो १६.७ दिवसांत फिरतो आणि गुरूपासून सुमारे ६०० आर्कसेकंदांपर्यंत लांब जातो. रोज एक फोटो, असे तीन आठवडे नोंदी केल्या की वेळ आणि अंतराच्या आलेखात लाट उमटते. मधल्या चार-पाच रात्री ढगांत गेल्या तरी चालतं. सगळ्यात जवळचा आयो मात्र फसवतो. त्याची फेरी १.७७ दिवसांची आहे. रोज एकच फोटो घेतला तर लाट निघते, पण ती सुमारे २.३ दिवसांची आणि खोटी. आयोसाठी एकाच रात्री काही तासांच्या अंतराने काढलेले दोन-तीन फोटो हवेत. म्हणून वेगवेगळ्या गटांनी दिवसभरात वेगवेगळ्या वेळी विनंत्या पाठवाव्यात, आणि फोटोची वेळ आपल्या हातात नसल्याने हेडरमधल्या वेळा तपासाव्यात. ही खोटी लाट आधी वर्गाला काढू द्या, मग कारण शोधायला लावा. निरीक्षणं किती दाट हवीत, हे त्यातून फार नीट कळतं.

शेवटी दोन्ही चंद्रांची तुलना. कॅलिस्टोचं कमाल अंतर आयोच्या ४.४६ पट आणि फेरीचा काळ ९.४३ पट. पहिल्या आकड्याचा घन आणि दुसऱ्याचा वर्ग काढा, दोन्ही ८९ च्या आसपास येतात. हाच केप्लरचा तिसरा नियम. मुलांच्या मोजमापातून ८० किंवा ९५ आले तरी चालेल, पण फरक कुठून आला हे प्रत्येक गटाने लिहावं: गुरूचा मध्य चुकला, कमाल अंतराच्या रात्री ढग होते, की प्रमाण चुकलं.

हे जमलेल्या वर्गाने पुढे लघुग्रह शोधाच्या आयएएससी या आंतरराष्ट्रीय मोहिमेत नाव नोंदवावं. तिथे पॅन-स्टार्स या मोठ्या दुर्बिणीचे फोटो मिळतात आणि ते विंडोज संगणकावर ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरने तपासायचे असतात.